‘ऑस्ट्रेलियात १९५१ पासून चालतंय’ म्हणे! काय चालतंय ते तरी बघू

शिक्षकांच्या तीन गटांवर आला, गावच्या गटावर आला, आणि परवा मेव्हण्यानेही तोच मजकूर पाठवला, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच हवं. मजकूर तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. त्याचा गोषवारा असा: वीसपेक्षा कमी पटाच्या हजारो शाळा सरकार उगाच पोसतंय, दहा पोरांमागे दोन-दोन मास्तर. त्यापेक्षा या शाळा बंद करा, मुलांच्या हातात टॅब द्या आणि शहरातल्या नामांकित शिक्षकांकडून ऑनलाइन शिकवा. ऑस्ट्रेलियात रेडिओवरची शाळा १९५१ पासून चालते, कोरोनात आपणही ते करून दाखवलं, डिसले गुरुजींनी तर क्यूआर कोडवर जग जिंकलं. मग अडलंय कुठे?

मी सातपुड्यातल्या एका पाड्यावर द्विशिक्षकी शाळेत नऊ वर्षं काढली. अडलंय कुठे, ते सांगतो.

आधी ऑस्ट्रेलिया, कारण सगळा डोलारा त्याच खांबावर उभा आहे.

अ‍ॅलिस स्प्रिंग्ज इथे ८ जून १९५१ रोजी ‘स्कूल ऑफ द एअर’ सुरू झाली, हे खरं आहे. विमानाने रुग्णांपर्यंत जाणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर सेवेचं बिनतारी जाळं तिथे आधीपासून होतं. आल्फ्रेड ट्रेगर यांनी सायकलसारखं पायडल मारून चालणारे संच बनवले होते आणि ते दूरदूरच्या गुरांच्या वाड्यांवर पोहोचले होते. याच जाळ्यावर मुलांनाही बोलतं करता येईल, ही कल्पना अ‍ॅडलेड मीथके या शिक्षिका-निरीक्षक बाईंची. पण ती मुलं तोवर काय करत होती? टपालाने शिकत होती. धडे टपालाने यायचे, आई ते करून घ्यायची, वह्या टपालाने परत जायच्या. रेडिओ आला तो या टपाली धड्यांच्या जोडीला. मैलोन् मैल शेजार नसलेल्या पोराला दुसऱ्या पोराचा आवाज कानावर पडावा, बाईंच्या तोंडून आपलं नाव ऐकायला मिळावं, हा त्यातला मोठा भाग.

आता रेडिओ जाऊन उपग्रहावरचं इंटरनेट आलं. एक गोष्ट मात्र तेव्हाही होती आणि आजही आहे: प्रत्येक घरात मुलाशेजारी बसणारं एक मोठं माणूस. तिथे त्याला होम ट्यूटर म्हणतात. बहुतेक ठिकाणी आई असते, नाहीतर त्यासाठी पगार देऊन ठेवलेलं कोणीतरी. पडद्यावरचा तास दिवसातला थोडा, बाकी सगळा अभ्यास हेच माणूस घेतं. शाळेतले शिक्षकही अधूनमधून घरी जाऊन मुलाला भेटून येतात. अशा एकाकी कुटुंबांना सरकारी भत्ताही मिळतो.

मजकूर लिहिणाऱ्याने नेमकं हे शेजारी बसलेलं माणूसच खोडून टाकलं, आणि उरलेल्या टॅबला ‘ऑस्ट्रेलियाचं मॉडेल’ म्हटलं. वरातीतून नवरदेव वगळावा तसं झालं हे.

आणखी एक हिशेब. एकट्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या शाळेचं क्षेत्र सुमारे १३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपटीहून जास्त. एवढ्यात मुलं शंभर-सव्वाशेच्या आसपास. आपल्याकडे २०२३ मध्ये समूह शाळांचा, म्हणजे छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचा, विषय निघाला तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं, असा आकडा समोर आला. भागाकार करा. शाळेमागे बारा-तेरा मुलं येतात. ही बारा-तेरा मुलं एकमेकांना हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर राहतात. तिकडे मुलं विखुरलेली आहेत म्हणून रेडिओ आला. इकडे एकाच पाड्यावर राहणाऱ्या मुलांना आपापल्या घरात विखरून टाकायचं चाललंय. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं आहे, ते या वयाची पावलं डोळ्यांसमोर ठेवूनच. पावसाळ्यात मध्ये एक नाला आला की तो एक किलोमीटरही जड जातो.

‘कोरोनात जमलंच की.’ कोणाला जमलं? ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि सहकाऱ्यांनी १५ राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत गरीब वस्त्यांतल्या जवळपास १४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागातली नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं निघाली ८ टक्के. अजिबात न शिकणारी ३७ टक्के. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुलं देशात २०१८ साली २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ वर आली. आणि हे फोन वाढत असताना झालं बरं का. त्याच ‘असर’नुसार ग्रामीण भागात स्मार्टफोन असलेली घरं २०१८ मधल्या ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेली होती. म्हणजे ‘घरोघरी यंत्र पोहोचलं की झालं’ याची परीक्षा होऊन निकालही लागला आहे.

माझ्या वर्गाचं सांगतो. पट सव्वीस, अँड्रॉइड फोन सात घरांत. दिवाळीनंतर त्यातले चार फोन बापाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेले. उरलेल्या तिघांना टेकडीवर चढल्याशिवाय रेंज नव्हती. मी अभ्यास पाठवायचो, उत्तरांचे फोटो यायचे, मी ‘छान’चा अंगठा पाठवायचो. मग एकदा मोठा करून बघितलं, तर पहिलीतल्या पोरीच्या वहीत तिच्या आठवीतल्या भावाचं अक्षर. पोरीने ती वही उघडलीही नव्हती. भावाला मी काय बोलणार? तो निदान टेकडी तरी चढत होता.

त्या काळात सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची. चांगली मालिका होती. घरातल्या वस्तू घेऊन मोठ्यांनी मुलांसोबत काय करायचं ते दाखवायची. तिलाही शेजारी माणूस हवंच होतं, आणि ती ते लपवत नव्हती.

आता ‘नामांकित शिक्षक’. हा मुद्दा ऐकायला सगळ्यात गोड आहे, आणि माझ्या मते सगळ्यात पोकळ. दहावीच्या मुलाला भूमिती कोणी सुरेख समजावली तर तो पडद्यावरूनही उचलेल. पहिलीतल्या पोराला समजावून सांगण्यासारखं असतं तरी काय? त्याचं बोट कुठल्या अक्षरावर आहे ते बघायचं असतं. घ आणि ध, भ आणि म यांत गोंधळ होतो, तो त्याच्या डोळ्यांत आधी दिसतो, तोंडातून नंतर येतो. पेन्सिल मुठीत धरली असेल तर ती सोडवून बोटांत द्यायची असते. हात धरून गिरवून घ्यायचं, ही नुसती म्हण नाही, आमच्या कामाचं वर्णन आहे.

त्यात भाषा. धडगाव-अक्कलकुव्यात घरची बोली पावरी, भिलोरी, मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया. चित्रावर बोट ठेवून पोरगं आपल्या बोलीतला शब्द बोलतं. तो शब्द बरोबर असतो, फक्त पुस्तकातला नसतो. समोर गुरुजी असेल तर तो हसून ‘हो, आणि मराठीत याला काय म्हणायचं?’ असं विचारतो. पहिल्या वर्षी मी हे केलं नाही, ‘चूक’ म्हणायचो, आणि वर्ग गप्प झाला. तो वर्ग बोलता करायला मला दिवाळी उजाडली. ध्वनिमुद्रित धड्याला तर वर्ग गप्प झाल्याचंही कळत नाही.

आणि डिसले गुरुजींचं नाव या मजकुरात कसं आलं, हेच नवल. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा हे शिक्षक सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले होते. मुलांना पुस्तकाची भाषा कळत नाही म्हणून त्यांनी त्यांच्यासाठी पुस्तकं मातृभाषेत आणली. क्यूआर कोड त्या पुस्तकांवर होते. गावच्या शाळेतल्या शिक्षकाने हे केलं, आणि त्याचाच दाखला देऊन शिक्षकाला घरी पाठवायचं!

पैशाचा मुद्दा थोडक्यात. पगाराला पटाने भागून ‘एका मुलामागे एवढा खर्च’ काढतात, त्यात ऑस्ट्रेलियातल्या आईचा दिवस कुठेच धरलेला नसतो. आमच्याकडच्या आईचा दिवस आधीच निंदणीला किंवा तोडीला गेलेला असतो, तो पुन्हा कुठून आणायचा? शिवाय शाळेत दुपारी खिचडी शिजते. प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं तिचं माप आहे. टॅबमधून ती येत नाही.

छोट्या शाळांत सगळं आलबेल आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. एक शिक्षक मतदारयादीच्या कामाला गेला की दुसऱ्याच्या अंगावर चारही वर्ग पडतात. ‘माहिती आजच्या आज भरा’ असा निरोप आला की फळा तसाच राहतो. इथे दूरशिक्षण हवंच आहे, पण ते वर्गात, गुरुजी असताना. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांना उपग्रहावरून दूरचित्रवाणी मिळाली. सकाळी मुलांचे कार्यक्रम लागायचे, आणि त्याच उपग्रहावरून हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षणही दिलं गेलं. त्याच दशकात निकाराग्वात रेडिओवरून गणित शिकवलं गेलं, तेही वर्गातच. रेडिओ प्रश्न विचारायचा, थांबायचा, मुलं उत्तर द्यायची, आणि शिक्षक त्यांच्यात फिरत असायचे. मला असा अर्धा तास रोज मिळाला असता तर तिसरी-चौथीला रेडिओपुढे बसवून मी पहिलीच्या पोरांजवळ बसलो असतो.

अ‍ॅलिस स्प्रिंग्जवाले आणखी एक करतात, तेही मजकुरात नाही. वर्षातून काही वेळा ते आपल्या मुलांना शहरातल्या शाळेत प्रत्यक्ष बोलावतात. घरचे लोक कित्येक तास गाडी हाकून पोरांना आणतात, कशासाठी, तर थोडे दिवस सगळ्यांनी एका खोलीत बसावं म्हणून. आमच्या पाड्यावर त्यासाठी फक्त घंटा द्यावी लागते.