हरकती पाठवू नका म्हणे!

'सेंद्रियचे निकष कंपन्या बंद दाराआड ठरवतात, मसुद्यावर हरकती मागवणं निव्वळ नाटक. पीजीएस (शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं पाहून सेंद्रियचा दाखला देण्याची पद्धत) म्हणजे शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेला दाखला. हरकती लिहिण्यात वेळ घालवू नका.' हा मेसेज आता आमच्या शेतकरी गटातही येऊन पडलाय आणि त्यावर धडाधड अंगठे उमटलेत. म्हणून हा खटाटोप.

आधी 'नाटक' बघू. अमेरिकेच्या कृषी खात्याने १६ डिसेंबर १९९७ रोजी सेंद्रिय नियमांचा पहिला मसुदा काढला. जनुकीय बदल केलेलं बियाणं, अन्नावर किरणांची प्रक्रिया आणि खत म्हणून सांडपाण्याचा गाळ, या तिन्हींना त्यात सरळ बंदी नव्हती. हरकती आल्या २,७५,६०३. खात्याला मार्च २००० मध्ये दुसरा मसुदा काढावा लागला आणि डिसेंबर २००० च्या अंतिम नियमांत तिन्ही गोष्टी बाद झाल्या. आपल्याकडून सेंद्रिय म्हणून अमेरिकेत जाणाऱ्या मालालाही तीच बंदी लागू आहे. हे नाटक असेल तर भलतंच महागात पडलं म्हणायचं त्या खात्याला.

एक मात्र कबूल करावं लागेल. तिथल्या कृषी खात्याच्या सेंद्रिय सल्लागार मंडळात १५ जागा, त्यातल्या शेतकऱ्यांना ४. कॅरॅजीनन हा शेवाळापासून काढलेला, पदार्थ दाट करणारा घटक सेंद्रिय पदार्थांत चालणाऱ्या घटकांच्या यादीतून काढा, असं मंडळाने २०१६ मध्ये मतदान करून सांगितलं. खात्याने २०१८ मध्ये तो ठेवलाच. म्हणजे दर वेळी ऐकतात असं नाही. पण न लिहिलेली हरकत तर कधीच ऐकली जात नाही.

पीजीएसबद्दल थोडक्यात. गटात किमान ५ शेतकरी लागतात, ते एकमेकांची शेतं पाहतात, पण 'तू माझं बघ, मी तुझं बघतो' अशी जोडी टाळायची असते. गटाचा निर्णय पुढे प्रादेशिक परिषदेकडे जातो. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१७ च्या नियमांनी एनपीओपीसोबत (त्रयस्थ संस्थेकडून तपासणी होणारी राष्ट्रीय सेंद्रिय प्रमाणन पद्धत) पीजीएसलाही मान्यता दिली आहे. निर्यातीला पीजीएसचा दाखला चालत नाही, एवढं खरं. गटातले लोक डोळेझाक करत असतील तर दोष त्या गटाचा.

हरकती वाया जातात त्या वेगळ्याच कारणाने. 'रासायनिक शेती बंद करा' असं पानभर लिहिलं तर ते मसुद्याच्या कोणत्या कलमाला जोडायचं? चार रकाने करा: कलम क्रमांक, आत्ताचा मजकूर, तुमचा बदललेला मजकूर, कारण. समजा कलमात नुसतं 'पुरेसा बफर पट्टा' (शेजारची फवारणी आपल्या पिकावर येऊ नये म्हणून सोडलेली मोकळी पट्टी) असं आहे. तर 'पुरेसा'च्या जागी मीटर लिहा. शेजारच्या द्राक्षबागेत ब्लोअरने फवारणी होत असेल तर पाठीवरच्या पंपापेक्षा फवारा लांब उडतो, म्हणून दोन्हींसाठी वेगळं अंतर मागा. कुंपणाला कोणती झाडं, किती उंचीची, तेही घाला. सोबत फवारणीच्या तारखा, त्या दिवसाची वाऱ्याची दिशा आणि पिकातल्या औषधांच्या अवशेष तपासणीचा अहवाल जोडा. नमुने बांधाकडचे आणि शेताच्या मधले वेगवेगळे घ्या. एकत्र मिसळले तर अवशेष कुठून आले तेच कळत नाही.

आणि शंभर जणांनी एकच मजकूर कॉपी-पेस्ट करून पाठवू नका. ज्याच्या शेतात जे घडतं ते त्याने लिहावं, मुदतीच्या आत.