मुलीची मुंज, बात मित्स्वा आणि आईचा फोन

गेल्या महिन्यात भाचीच्या मुंजीवरून आमच्या फॅमिली ग्रुपवर चार दिवस नुसती जुंपली होती. मुलीची मुंज कशाला, ही सगळी नवीन फॅडं, असं काकांचं म्हणणं आणि धाकटी चुलत बहीण म्हणे असल्या धर्मात मुळात राहायचंच कशाला. मी इथे बॉस्टनजवळ बसून वाचत होते, मला दोन्ही पटेना.

कारण त्याच आठवड्यात ऑफिसातल्या मैत्रिणीच्या लेकीच्या बात मित्स्वाला, म्हणजे ज्यू मुली वयात येताना होणाऱ्या धर्मविधीला, गेले होते. तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या, चर्मपत्राला हात लावायचा नसतो, म्हणून बारा वर्षांची ती पोर टोकाला इवलासा हात असलेली चांदीची काडी शब्दाशब्दावर फिरवत हिब्रू वाचत होती आणि पहिल्या रांगेत तिची आजी नुसते ओठ हलवत होती, आजीला तिच्या वेळी हे मिळालंच नव्हतं. अमेरिकेत १९२२ मध्ये ज्युडिथ कॅप्लानने पहिल्यांदा असं वाचलं, तेही तोराच्या गुंडाळीतून नाही, छापील पुस्तकातून.

मैत्रिणीमुळेच शुलामिट राइनहार्झ हे नाव कळलं. जन्म १९४६चा, आईवडील युद्धात हॉलंडमध्ये लपून वाचलेले. इथल्या ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्राच्या प्रोफेसर होत्या. १९९२ मध्ये स्त्रीवादी संशोधनाच्या पद्धतींवर मोठं पुस्तक लिहिलं, त्यात म्हणणं असं की अशी एकच ठरलेली पद्धत नसते, मुलाखती, सर्व्हे, स्वतःचा अनुभव, सगळं उपयोगी पडतं. १९९७ मध्ये हदासा या ज्यू बायकांच्या संघटनेच्या साथीने ज्यू आणि जेंडर याच विषयाची संस्था काढली, नंतर जगभरातल्या बात मित्स्वाच्या गोष्टीही एका सहसंपादिकेबरोबर पुस्तकात आणल्या. समाजातच राहून बाईंनी बायकांना जाऊन विचारलं, लिहून घेतलं, मला हे फार मोठं वाटतं.

आपल्याकडे ज्ञान प्रबोधिनीत बायका पौरोहित्य शिकतात, हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्यावर आपण भांडतो खूप, पण त्या बायकांचं स्वतःचं म्हणणं ऐकायला किती जण बसतो? अलिबागकडचे बेने इस्रायली तर मराठी बोलणारे ज्यू, पोहे-खोबऱ्याचा मलिदा करणारे, त्यांच्या आज्यांना तरी आपण कधी विचारलं?

काल आईला फोन केला. म्हटलं, मामाची मुंज झाली तेव्हा तू कुठे होतीस गं? म्हणाली, मातृभोजनाची पानं मांडत होते, मंत्र आत ऐकू येत होते, अर्धे पाठ झाले माझे. मग तिने ते म्हणून दाखवले. मी रेकॉर्ड केलेत, आज ग्रुपवर टाकतेय.