‘बिग बॉय’ एकच उरलं? नाही, आठ आहेत

अमेरिकेतल्या ‘बिग बॉय’ वाफेच्या इंजिनाचा व्हिडिओ सध्या फिरतोय. सोबतचा मजकूर म्हणतो: जगातलं सर्वात ताकदवान इंजिन, बाकी सगळी भंगारात गेली, हे एकच उरलं.

युनियन पॅसिफिक रेल्वेसाठी अल्को कंपनीने १९४१ आणि १९४४ मध्ये मिळून अशी २५ इंजिनं बांधली. त्यांतली आठ आजही आहेत. सात डेन्व्हर, ओमाहा, स्क्रँटन अशा ठिकाणी उभी आहेत. धावतं मात्र एकच, ४०१४ क्रमांकाचं. घोटाळा बहुधा इथेच झालाय. तेही कॅलिफोर्नियात पोमोना इथे अर्धशतक नुसतं उभंच होतं. २०१३ मध्ये रेल्वेने ते परत घेतलं, शायेनच्या कारखान्यात पार खोलून दुरुस्त केलं आणि मे २०१९ मध्ये पुन्हा रुळांवर आणलं. आता ते कोळशावर नाही, तेलावर चालतं.

‘सर्वात ताकदवान’ हेही सरसकट खरं नाही. ओढण्याच्या जोरात व्हर्जिनियन रेल्वेचं ट्रिपलेक्स इंजिन कागदोपत्री पुढे होतं, तर अश्वशक्तीत ‘अलेघेनी’ नावाचं दुसरं वाफेचं इंजिन. आणि ‘बिग बॉय’च्या मागे जोडलेलं डिझेल इंजिन पाहून ‘वाफ नुसती दिखाव्याची’ म्हणणाऱ्यांसाठी: ते मुख्यतः ब्रेकला मदत म्हणून आणि अडीअडचणीसाठी असतं.