अबोला

आज डोकं फिरलंय, सरळच सांगते. पोस्ट लांबणार आहे, ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे जा.

दुपारी शेजारच्या आंटीकडे लोणचं द्यायला गेले होते. तिथे प्रार्थना ग्रुपच्या एक बाई आलेल्या. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस, चालू आहेत ना, आंटीच्या कोकणीत कोरेज्मा, तर या दिवसांत त्या घरोघरी भेटी देतात. बोलता बोलता त्यांचं लक्ष अल्तारकडे, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्याकडे गेलं. तिथे येशूच्या फ्रेममागे माडाच्या पातीचा दुमडून केलेला एक क्रॉस खोचलेला आहे, वाळून पार तपकिरी झालेला. "हा जुना दिसतो, राखेच्या बुधवाराआधी चर्चमध्ये द्यायचा असतो ना?" आंटी गप्प. मग बाई अगदी गोड आवाजात, "तुम्ही देवाची इच्छा अजून स्वीकारली नाही. विश्वास कमी पडतोय."

विश्वास कमी. आंटीचा!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमध्ये पाती मिळते, ती वर्षभर घरात ठेवायची आणि पुढच्या लेंटच्या आधी परत द्यायची. तीच जाळून राख करतात. मंगळवारी रात्री कार्निव्हल संपतो आणि बुधवारी ती राख कपाळावर लागते. हा क्रॉस अंकलने 2019 च्या पाम संडेला आणलेला. 2020 च्या फेब्रुवारीत आंटी रोज सांगायची, देऊन ये रे. अंकल रोज म्हणायचा, "फाल्यां." म्हणजे उद्या. पक्का आळशी माणूस. 26 फेब्रुवारीला राखेचा बुधवार झाला, क्रॉस तिथेच. पाम संडेला दोन दिवस उरले असताना अंकल गेला. करोना नव्हे, हार्ट. चर्चं बंद, त्या वर्षी पातीच मिळाली नाही कोणाला.

त्यांचा पोरगा तारवटी, जहाजावर नोकरीला. जहाज कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून उभं, विमानं बंद, येणार कसा? अंत्यविधीला वीसच्या वर माणसं चालणार नव्हती, आम्ही तर नऊच होतो. सिमितेरीत, म्हणजे दफनभूमीत, व्हिडिओ कॉल लावून मोबाईल मी धरला होता. पेटी खाली सोडेपर्यंत सगळं नीट, आणि माती घालायच्या नेमक्या वेळी रेंज गेली. स्क्रीनवर पोराचा चेहरा तसाच अडकला, तोंड अर्धवट उघडं. मी हात उंच करून मोबाईल इकडे तिकडे फिरवतेय. मागून आंटीने विचारलं, "दिसता मगो ताका?" त्याला दिसतंय ना? मी म्हटलं हो, दिसतंय.

तर त्या बाई नव्हत्या त्या नऊ जणांत. विश्वास मोजायला मात्र आल्या.

ठीक आहे, हेतू वाईट नसेल त्यांचा. आजारपणात डबे पोचवतात त्या, तेही बघितलंय मी.

पण ऐका. नंतर, चर्चं उघडल्यावर, मी आंटीला विचारलं होतं की तू जातेस का गं अजून? तिने जे उत्तर दिलं ते मी कधी विसरणार नाही. "हांव ताचे कडेन उलयना. पूण मीस चुकयना." त्याच्याशी, म्हणजे देवाशी, बोलत नाही, पण मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, चुकवत नाही. अबोला! अंकलशी भांडण झालं की आठवडाभर असंच चालायचं, तोंडातून शब्द नाही, पण ताटात शीत कढी वेळेवर. ज्याच्याशी नातंच नाही त्याच्याशी कोण अबोला धरतं? बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसावर रुसतो का आपण?

आणि लेंट तिला आवडतो म्हणे. जांभळे कपडे, फुलं नाहीत, आणि ईस्टरपर्यंत 'आलेलुया' हा शब्दच चर्चमध्ये कोणी उच्चारत नाही. "आतां सगळीं म्हजेवरीं", आता सगळे माझ्यासारखे, असं म्हणून हसते. (चाळीस दिवस म्हणतात, मी कॅलेंडरवर मोजले तर सेहेचाळीस भरले, त्यावरून मी तिच्याशी वाद घातला, मग कळलं की रविवार धरत नाहीत.)

दर शुक्रवारी मी तिला खुर्साची वाट करायला स्कूटरवरून नेते, म्हणजे येशूच्या क्रॉसपर्यंतच्या शेवटच्या वाटेची, टप्प्याटप्प्याने करायची प्रार्थना. मागे उभी राहते, गुडघे टेकत नाही, मला कोणी काही म्हणत नाही. चौदा ठिकाणं. त्यात येशू तीन वेळा पडतो, क्रॉसच्या ओझ्याखाली, तिसऱ्यांदा पडला तेव्हा कोणी येऊन म्हणालं का की विश्वास कमी पडतोय? आणि शेवटी क्रॉसवर तो स्वतःच ओरडला ना, देवा तू मला का सोडलंस म्हणून? मग आंटीने काय वेगळं केलं? आपल्याकडे तर जनाबाईने विठोबाला शिव्या घातल्या आणि आपण त्या टाळ वाजवत गातो.

हो, मी हिंदू, मला यातलं काय कळतं, कोणीतरी लिहिणारच. लिहा. मोबाईल मी धरला होता.

राग आला की मी लिहीत सुटते. एवढं टाईप करून मध्येच परत आंटीकडे जाऊन आले. वाटलं रडत असेल. बाईसाहेब स्टूल घेऊन उभ्या, म्हणे फ्रेमवर धूळ बसलीय, लोकांना दिसते, तू चढ. मी चढले. फ्रेम काढली, क्रॉस हातात घेतला, आता इतका हलका झालाय की फुंकर मारली तर तुटेल. विचारलं, देऊया का पुढच्या वर्षी? "पळोवया." बघूया म्हणे. फ्रेम पुसून होती तशी लावली, क्रॉस परत मागे.

खाली उतरताना ती सहज म्हणाली, "त्या दिसा रेंज नाशिल्ली न्हय गो?" त्या दिवशी रेंज नव्हती ना गं?

मी काहीच बोलू शकले नाही.

"जाणां हांव," मला माहितीय, म्हणाली, आणि लोणच्याची रिकामी बरणी हातात ठेवली. मग लगेच पुढचं फर्मान. पाम संडेच्या आधीच्या सोमवारी गोवा वेल्ह्याला सांतांची, म्हणजे संतांच्या मूर्तींची, मिरवणूक आहे (ओल्ड गोवा नव्हे, लोक दरवर्षी चुकतात), तर त्या दिवशी रजा टाक, पेट्रोल आधी भर, आणि उशीर केलास तर तुझ्याशीही बोलणार नाही.