‘28 हजार घालूनही यवतेश्वरला उतरून चालावं लागलं’ या रिव्ह्यूला सायकलच्या दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही दोनच स्टार दिलेत. कापलेल्या तीनपैकी दोन तरी आम्ही आमच्या हातानं घालवलेत, हे आधी कबूल करतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चाकं, कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच), डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग), चेन आणि मजुरी धरून 28 हजार घेतले, तरी साताऱ्याहून कासला जाताना लागणाऱ्या यवतेश्वरच्या घाटात उतरावं लागलं. मागून खडखड येते म्हणून परत आलात, तर ट्यूनिंगचे 300 रुपये घेतले आणि खडखड तशीच. चांगला डिरेलर उगाच बदलला. तीन आठवड्यांत मागचं चाक आउट झालं, म्हणजे वाकडं फिरायला लागलं. आणि पुण्यात गेलो असतो तर याच पैशात कार्बन रिम मिळाल्या असत्या.

खडखडीचं आधी. रिव्ह्यू वाचून माळ्यावरून तुमच्या कॅसेटचं खोकं काढलं. 11-34 ची (सगळ्यात लहान चक्र 11 दात्यांचं, सगळ्यात मोठं 34 चं) ही कॅसेट जुन्या दहा स्पीडच्या हबवरही, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावरही, बसेल अशी बनवलेली आहे. त्यामुळे तुमच्यासारख्या अकरा स्पीडच्या हबवर घालताना तिच्या मागं 1.85 मिलिमीटरची चकती लागते. ती चकती खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी न फोडलेली, तशीच सापडली. तुमच्या जुन्या 11-28 ला चकती नव्हती, म्हणून दुकानातल्या पोरानं नवी पण तशीच चढवली. मग कॅसेट धरून ठेवणारी लॉकरिंग कितीही आवळा, कॅसेट जागेवर डुलणारच. हातात धरून एकदा हलवली असती तरी कळलं असतं. गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधी ते बघणं माझं काम, आणि मी त्या दिवशी दुकानातच होतो. दुसऱ्या खेपेला तर डिरेलरचे स्क्रू फिरवून वर पैसे घेतले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

डिरेलरचं मात्र मान्य नाही. तुमचा शिमानो 105 डिरेलर शॉर्ट केजचा होता, म्हणजे चेन ताणून धरणारा त्याचा दांडा आखूड. कंपनीच्या हिशेबानं त्याला मागचा सगळ्यात मोठा गिअर 30 दात्यांचा चालतो, 34 ला मीडियम केजच लागतो. डिरेलरला कॅसेटपासून लांब ढकलणारा बी-स्क्रू आवळून भागवणारे आहेत, मी स्वतःच्या सायकलवर केलंही आहे. गिऱ्हाइकाच्या सायकलवर करत नाही. चेनचं तेच, जुनी तीन-चार कड्यांनी तोकडी पडत होती. पुढं मोठा, मागं मोठा असा गिअर चुकून पडला असता तर डिरेलर उपटून हातात आला असता.

आता चढाचं. तुम्ही आलात तेव्हा म्हणालात, ‘कासची फुलं संपायच्या आत वर जायचंय, हलकी चाकं टाका.’ मी म्हणालो आधी कॅसेट बदला, चाकांचं पुढच्या वर्षी बघू. तुम्ही म्हणालात दोन्ही करा, आणि मी दोन्ही विकली. अजून एकदा ‘नको’ म्हणायला पाहिजे होतं. काट्यावर जुन्या आणि नव्या जोडीत 400 ग्रॅमचा फरक आहे. तुम्ही, सायकल आणि दोन बाटल्या मिळून 88 किलो. म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. चाळीस मिनिटांच्या चढाला दहा-अकरा सेकंद. फिरणारं वजन दुप्पट लागतं म्हणतात ते वेग वाढवताना. घाटात एका लयीत चढताना किलो तो किलोच, चाकात असो नाहीतर पोटात.

गिअरनं मात्र फरक पडतो. पुढं 34 दाते, मागं 28 असताना ताशी 8 किलोमीटरनं चढायचं तर पेडल मिनिटाला 52 वेळा फिरतं. मागं 34 घातला की 63 वेळा, आणि प्रत्येक फेरीला जोर तेवढाच कमी. गुडघ्याला हे लगेच कळतं. पण कॅसेट डुलत असल्यामुळे तो 34 चा गिअर तुमच्या पायाला नीट मिळालाच नसणार, असं मला वाटतं. ज्याचे पैसे घेतले तेच आमच्या चुकीनं चाललं नाही.

कार्बनचं म्हणाल तर तुमच्या सायकलला रिम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाच्या रिमवरच दाबणारे. फुलांच्या दिवसांत रविवारी कासवरून उतरताना गाड्यांच्या रांगेमागं अख्खा घाट ब्रेक धरून यावं लागतं, आणि तसलं तापणं कार्बन रिमला सोसत नाही. ॲल्युमिनियम मुद्दाम दिलं, उद्याही तेच देईन.

आउटचं एवढंच, की नव्या चाकाचे स्पोक पहिल्या दोनेकशे किलोमीटरांत बसतात आणि ताण उतरतो. बिलाच्या मागं पेननं लिहून दिलंय: ‘200 किमीनंतर आउट काढायला आणणे, फुकट’. शिवाय दुसऱ्या खेपेला हवा मोजली तेव्हा 120 पीएसआय निघाली. 25 मिलिमीटरच्या टायरला तुमच्या वजनाला 85-90 पुरे.

सायकल घेऊन या. चकती घालून, आउट काढून, तुमच्यासमोर सगळे गिअर पाडून दाखवतो. 300 रुपये आणि कॅसेटची मजुरी परत. त्यानंतर यवतेश्वर एकदा चढून बघा. तरी चाकं नकोशी वाटली तर तुमची जुनी जोडी नावाची चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवलेली आहे. नवी परत घेईन, वापराचे थोडे पैसे कापून. मंगळवारी दुकान बंद असतं, तेवढा दिवस सोडून या.