प्रतिक्रियेला उत्तर: "कंपनीचाच पार्ट घाला म्हणायला तुमचं काय जातंय?"

दादा, नमस्कार. मागच्या आठवड्यात लांबच्या खेपेच्या ट्रकांच्या मेंटेनन्सवर लिहिताना कंपनीचाच पार्ट घाला म्हटलं होतं, त्याखालची तुमची कॉमेंट दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं, की "कंपनीचाच पार्ट घाला" हे पंधरा-वीस गाड्यावाल्यांना सांगा, आम्ही एका गाडीचे मालक, हप्ता, डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता जाऊन उरतंय काय, आणि बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, अर्ध्या किमतीत माल मिळत असताना शोरूमच्या काउंटरवर कशाला जायचं. वर एक टोमणा, की मला डीलरकडून कमिशन मिळत असणार. कमिशनचं सोडा ओ, मागच्या खेपेला चहासुद्धा न विचारता तासभर उभं केलं होतं मला. पण बाकी निम्मं तुमचं बरोबर आहे, चूक माझ्या लिहिण्यात झाली.

"कंपनीचाच" हा शब्द मी ढिला वापरला. गाडी बनवणारी कंपनी बेरिंग, क्लचप्लेट, फिल्टर असला बराच माल बाहेरच्या कारखान्यांकडूनच घेते, आणि तेच कारखाने आपल्या नावाच्या डब्यात तो बाजारात विकतात, बहुतेक वेळा स्वस्तात. तो घ्यायला काहीच हरकत नाही, मीपण घेतो. आणि उद्यमबागेला मी नावं ठेवीन होय? इथलं कास्टिंग कुठं कुठं जातंय ते आपल्याला माहीत आहे. बंपर, मडगार्ड, आरसे, बॉडीचे हुक, पाट्याच्या पिना-बुश, खुशाल लोकल घाला. मी आता पार्ट हातात घेतला की एकच बघतो, हा गेला तर गाडी कुठं आणि कशी थांबणार. आरसा फुटला तर पुढच्या ढाब्यावर बघता येतंय. तवंदी घाटात निपाणीकडं उतरताना ब्रेकनं दगा दिला तर थांबायचा प्रश्नच येत नाही.

म्हणून "लायनर म्हणजे लायनर, त्यात काय असतंय" या तुमच्या वाक्यावर मात्र मी भांडणार. लायनर म्हणजे चाकाच्या ड्रमला आतनं घासून गाडी थांबवणारा ब्रेकचा पट्टा. सपाट रस्त्यावर कुठलाही लायनर धरतो, हत्तरगीपासून संकेश्वरपर्यंत तुम्हाला फरक कळणारसुद्धा नाही. फरक कळतो तो भरल्या गाडीनं उतारावर चार-पाच मिनिटं पाय पेडलवर ठेवल्यावर, ड्रम तापतो, हलक्या लायनरची पकड सुटत जाते, ब्रेकच्या हवेचं प्रेशर घड्याळात बरोबर दिसतेय, पेडल तळाला गेलंय आणि गाडी ऐकत नाही. मग ड्रायव्हर घाबरून पेडल परत परत दाबायला लागतो आणि होती ती हवापण संपवतो. लायनर चांगल्या नावाचा घ्या, आणि एका एक्सलला डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी एकाच मेकचा घाला, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. ड्रम लेथवर घासून आणायची आपल्याकडं सवय आहे, ठीक आहे, पण ड्रमची जास्तीत जास्त व्यासाची मर्यादा असते, बऱ्याच ड्रमवर ती कोरलेलीच असते, ती ओलांडली की ड्रम भंगारात. आणि डिझेल वाचतंय म्हणून उतारावर न्यूट्रल करणारे ड्रायव्हर, त्यांच्यापुढं कुठलाच लायनर टिकत नाही. गंमत म्हणजे आताच्या इंजिनात गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजिन डिझेल बंदच करतंय, न्यूट्रलला उलट आयडलिंगचं जळतंय.

आता माझीच फजिती सांगतो, म्हणजे मी शहाणपणा करालोय असं वाटणार नाही. पुढच्या हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं, बेरिंग गेलं होतं, नेहमीच्या दुकानात नव्हतं, दुसऱ्या एकानं नामांकित कंपनीच्या डब्यातलं दिलं, सातशे रुपये कमी, बिल नको म्हटलं तर आणखी कमी. घेतलं. तिसऱ्या खेपेला हब हात लावू देईना एवढा तापला, ग्रीस पातळ होऊन ऑइल सीलमधनं बाहेर आलं आणि नवाकोरा लायनर भिजला, म्हणजे लायनरपण गेला. गाडी भरलेली, दोन दिवस रस्त्याकडेला, भाडं कापलं ते वेगळंच. बेरिंग काढून जुन्याशेजारी ठेवलं तेव्हा डोळे उघडले, जुन्यावरचा नंबर बारीक, एकसारखा, आणि नव्यावरचा कुठं खोल कुठं उथळ, एक आकडा तर किंचित तिरका. हे बसवायच्या आधी बघायचं होतं. बिल नसल्यामुळं दुकानदारानं हात वर केले, मी तरी काय बोलणार.

तेव्हापासून जुना पार्ट पिशवीत घालूनच दुकानात जातो आणि डब्यावरचा नाही, लोखंडावरचा नंबर जुळवतो. साध्या बेरिंगांत शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणलं की आतल्या भोकाचं माप निघतंय, 32310 असेल तर 50 मिलिमीटर, तेवढं व्हर्नियर लावून बघता येतंय. एसकेएफ, शेफलर असल्या कंपन्यांची खरं-खोटं तपासायची अ‍ॅप्सपण आहेत, फोन खिशात असतोच की.

तुमच्या कॉमेंटखाली आणखी एकानं लिहिलंय, की बीएस-सिक्स (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत डीईएफ, म्हणजे धूर साफ करायला लागणारं युरियाचं पाणी, विकत कशाला घ्यायचं, उसाला आणलेला युरिया पाण्यात विरघळवून घालतो. बाबा रे, नको. डीईएफमध्ये युरिया 32.5 टक्के असतो हे खरं, पण तो शुद्ध, खनिजमुक्त पाण्यातला. शेतातल्या युरियाला 2015 पासून कडुनिंबाच्या तेलाचं कोटिंग आहे, ते आणि बोअरच्या पाण्यातले क्षार नोझलमध्ये आणि सायलेन्सरमधल्या कॅटॅलिस्टवर जाऊन बसतात, आणि त्याची किंमत ऐकलीत तर वर्षभराचं डीईएफ फुकट वाटेल. शिवाय सबसिडीचं खत गाडीत ओतणं हा गुन्हा आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न, 2014 च्या गाडीला क्लचप्लेट नवी घालू की जुनीवरच नवं फेसिंग, म्हणजे घासणारं अस्तर, मारून घेऊ. एवढ्या जुन्या गाडीला फेसिंग मारलेली चालेल, मीपण चालवलीय, पण मारणारा खात्रीचा पाहिजे आणि प्लेटच्या स्प्रिंगा हातानं हलवून बघा, खुळखुळ वाजत असतील तर ती प्लेट नको. प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलचा फेस मिस्त्रीकडून बघून घ्या, निळे डाग किंवा बारीक चिरा असतील तर तसंच बसवू नका. रिलीज बेरिंग, म्हणजे क्लच दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणारं, मात्र नवंच, चांगल्या मेकचं, बिलासकट. तिथं पाचशे-हजार वाचवले आणि महिन्यानं ते ओरडायला लागलं तर गिअरबॉक्स परत उतरवायची मजुरी तुम्हालाच द्यावी लागणार.