चंद्रभागेचा चातुर्मास

माझे बालपण पंढरपूरजवळच्या एका गावात गेले. चंद्रभागेतल्या होडीवाल्याशी घासाघीस करून पलीकडच्या काठाला जाणे, एवढाच आमच्या घराण्याचा जलप्रवासाशी संबंध होता. त्यामुळे इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये पंधरा वर्षे नोकरी केल्यावर मी एक जुनी नॅरोबोट, म्हणजे कालव्यांवर चालणारी लांबट, चिंचोळी बोट, विकत घेतली आणि तिचे नाव ‘चंद्रभागा’ ठेवले, तेव्हा आईने फोनवर एवढेच विचारले, “आणि चालवणार कोण?” या प्रश्नाची खोली मला दर मार्च महिन्यात नव्याने कळते.

इंग्लंडमधल्या जुन्या अरुंद कालव्यांवरची लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद, जेमतेम ७ फूट रुंद आहेत, म्हणून नॅरोबोटीची रुंदी ६ फूट १० इंच असते. लांबीला मात्र वाव भरपूर. माझी बोट ५७ फूट लांब आहे, म्हणजे चाळीतल्या व्हरांड्याला इंजिन बसवले तर जे होईल ते. वेगमर्यादा ताशी ४ मैल असल्यामुळे काठावर कुत्रा फिरवायला निघालेले वृद्ध गृहस्थ आपल्याला सहज मागे टाकतात आणि वर सहानुभूतीने हातही हलवतात.

कायमची जागा न घेतलेल्या बोटीला या कालव्यांवर एका ठिकाणी साधारण १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. संन्याशाने जसे गावोगाव फिरत राहावे, तसे तिने फिरत राहायचे असते. आणि संन्याशालाही पावसाळ्यात चातुर्मासापुरते एका जागी राहण्याची जी मुभा असते, ती इथे हिवाळ्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे चार महिने, रीतसर पैसे भरून मिळते. फरक इतकाच की संन्यासी चातुर्मासात प्रवचने करतो आणि बोट गंजते. माझ्या बोटीचा चातुर्मास यंदा फॉक्सटनच्या लॉकांच्या अलीकडे, एका वडाच्या नव्हे तर विलोच्या झाडाखाली पार पडला, आणि १ मार्चपासून त्या जागेला पुन्हा १४ दिवसांचा नियम लागू झाला. गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर निघायचे, फॉक्सटनची १० लॉक चढून ७५ फूट वर जायचे आणि मग लॉकविरहित २० मैलांच्या सपाट पाण्यावर निवांत भटकायचे, असा बेत होता. त्यासाठी दोन शनिवार पुरेसे आहेत, असे मी बायकोला सांगितले. तिने काहीच उत्तर दिले नाही, ही धोक्याची पहिली सूचना होती.

पहिल्या शनिवारी बोटीचे दार उघडले तेव्हा आतून ओल्या गोधडीचा वास आला. दिव्याचे बटण दाबले, दिवा लागला नाही. बॅटरीवर मीटर लावला तर आकडा १०.६ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.७ च्या आसपास दाखवते. १२ च्या खाली फार दिवस राहिलेली बॅटरी ही बॅटरी उरत नाही, नुसते वजन उरते. छतावरचे सौर पॅनेल हिवाळाभर तिला जिवंत ठेवतील अशी माझी योजना होती. परंतु विलोची पाने आणि कबुतरांची विष्ठा यांचा जो थर त्यावर साचला होता, त्यात मेथी पेरली असती तर उगवली असती.

नव्या बॅटऱ्या आल्या. एकेकीचे वजन इतके की काठावरून बोटीत उतरवताना मला कमरेतल्या ज्या स्नायूंचा परिचय झाला, त्यांचे अस्तित्व आजवर डॉक्टरांनीही सुचवले नव्हते. इंजिनाने मात्र अनपेक्षित सौजन्य दाखवले. ऑक्टोबरमध्ये मी डिझेलची टाकी काठोकाठ भरून ठेवली होती. टाकी अर्धी ठेवली तर रिकाम्या भागात बाष्प साचते, त्याचे पाणी डिझेलच्या तळाशी बसते आणि त्या दोहोंच्या सीमेवर जंतूंची काळी साय धरते. संपूर्ण हिवाळ्यात मी बरोबर केलेली ही एकमेव गोष्ट असल्यामुळे तिचा उल्लेख मी पुढे तीन आठवडे प्रत्येक संभाषणात करत राहिलो.

मग पाणी. टाकी भरली, पंप चालू केला. नळांमध्ये दाब भरला की हा पंप आपोआप थांबतो. तो घुं-घुं करत राहिला. मी कौतुकाने ऐकत उभा राहिलो. चार महिन्यांनी उठलाय, घसा मोकळा करत असेल, असे वाटले. शेजारच्या बोटीवर एक सेवानिवृत्त इंग्रज आजोबा राहतात. ते चहाचा मग घेऊन खिडकीशी आले आणि हवामानाविषयी बोलावे इतक्या सहजपणे म्हणाले, “शॉवरच्या मिक्सरमधलं पाणी काढलं होतंत ना?”

हिवाळ्याआधी नळांतले पाणी काढताना स्वयंपाकघरातला नळ मी उघडा ठेवला होता. बेसिनचाही. शॉवर राहिला होता. पाणी गोठले की सुमारे ९ टक्के फुगते आणि ते पितळेची भीड ठेवत नाही. मिक्सरच्या पोटाला केसाएवढी बारीक चीर गेली होती. टॉर्चच्या उजेडात ती एखाद्या सुबक नक्षीसारखी दिसत होती आणि तिच्यातून पाण्याचा एक पातळ, पंख्यासारखा पडदा उडून थेट फळीमागे जात होता. तिथून ते गेले तळाला. केबिनच्या मागच्या टोकाला जमिनीत एक झाकण असते, ते उघडून पाहिले तर खालच्या पोलादी तळावर घोटाभर पाणी. पंप पोहोचणार नाही इतक्या अडचणीत ते असल्यामुळे उपसायचे साधन म्हणजे श्रीखंडाचा रिकामा डबा आणि स्पंज. पालथे पडून, हात खांद्यापर्यंत आत घालून मी ४२ डबे मोजले आणि नंतर मोजणे सोडले, कारण मोजल्याने पाणी कमी होत नव्हते, फक्त दुःखाला आकडा मिळत होता.

नवा मिक्सर यायला वेळ होता. त्या काळात वीड हॅचचे काम काढले. प्रॉपेलरच्या बरोबर वर, बोटीच्या आतून उघडणारी ही एक पेटी असते. झाकण काढून बर्फगार पाण्यात हात घालायचा आणि प्रॉपेलरला गुंडाळलेले काय ते चाचपून कापायचे. दिसत काहीच नाही, सर्व ज्ञान स्पर्शाने. निळी दोरी, खताची पोती, सायकलची ट्यूब आणि कुणाचा तरी डाव्या पायाचा चांगला मोजा असा ऐवज निघाला. झाकण परत घट्ट आवळायला विसरले तर प्रॉपेलर पाणी आत फेकतो आणि बोट बुडते, म्हणून मी ते तीनदा तपासले, घरी आल्यावर चौथ्यांदा आठवून पाहिले आणि रात्री अकरा वाजता पुन्हा गाडी काढली. झाकण घट्टच होते. प्रॉपेलरचा दांडा बोटीतून जिथून बाहेर जातो तिथल्या ग्रीसच्या पितळी डब्याची मूठ मात्र त्या निमित्ताने दोन फेरे आवळून आलो.

छतावरच्या मशरूमच्या आकाराच्या पितळी झडपा आणि सुकाणूचा पितळी दांडा यांना हिरवा रंग चढला होता. त्यांवर आईने पाठवलेली पितांबरी चालवली. दोन तासांनी त्या अशा झळकल्या की इंग्रज आजोबा डब्याचे नाव लिहून घ्यायला वही घेऊन आले. बायकोने शांतपणे आठवण करून दिली की घरातली समई आणि ताम्हन दिवाळीपासून काळे आहेत.

मिक्सरसाठी १४ दिवसांची मुदत वाढवून मागितली होती, ती मिळाली. तोही बसला, पंप थांबला, पाडव्याच्या सकाळी आम्ही सामान चढवले. मी मागच्या टोकाला बांधलेली दोरी सोडायला वाकलो आणि फेंडरवरून, म्हणजे बोटीला धक्का लागू नये म्हणून टोकाला लटकवलेल्या गाठोड्यावरून, कुणीतरी माझ्यावर खेकसले.

काळाकुळकुळीत पक्षी, पांढरी चोच आणि कपाळावर गंध लावल्यासारखा ठसठशीत पांढरा टिळा. इंग्रज त्याला कूट म्हणतात. आपल्याकडे उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात त्याचे थवे उतरतात आणि त्या टिळ्यामुळेच मराठीत त्याला वारकरी म्हणतात. दोरखंडाच्या फेंडरवर त्याने काटक्या, बोरूची पाती आणि वेफर्सचे एक पाकीट रचून घर केले होते, आणि तो उठून अंगावर आला तेव्हा खाली पाच ठिपकेदार अंडी दिसली.

आजोबा मग घेऊन हजर होतेच. वापरातले घरटे जाणूनबुजून मोडणे हा १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, असे त्यांनी सांगितले. बोट हलवणे म्हणजे घरटे मोडणे. न हलवावी तर कालव्यांचा १९९५ चा कायदा १४ दिवसांचे बोट दाखवतो. परंतु त्याच वाक्यात, परिस्थिती पाहता वाजवी वाटेल तितकी अधिक मुदत, अशी सवलतही आहे. “अंडी उबायला तीन आठवडे लागतात, थोडे जास्तच,” असे म्हणून ते चहा संपवायला आत गेले.

मी आईला फोन लावला, सहानुभूती मिळेल या आशेने.

“काय म्हणालास, वारकरी बसलाय?” ती म्हणाली. “अरे, चंद्रभागेपाशी आलेल्या वारकऱ्याला उठवतात का कुणी? राहू दे त्याला.”

मुदतवाढीचा दुसरा अर्ज लिहिला. कारण या रकान्यात ‘मिक्सर’ खोडून ‘पक्षी’ केले. मग पाडवा साजरा करायचाच म्हणून छतावरची लांब काठी उभी केली, तिला जरीचा खण, गाठी, कडुलिंबाची डहाळी बांधली आणि वर तांब्या पालथा घातला. जागच्या जागी उभ्या असलेल्या बोटीवर गुढी छान दिसत होती. संध्याकाळी ती उतरवताना डहाळी दिसेना. मी टॉर्च घेऊन मागे गेलो. वेफर्सच्या पाकिटाशेजारी ती नीट खोचून ठेवलेली होती, आणि वरून माझ्याकडे पाहून वारकरी पुन्हा एकदा खेकसला.